पडद्यावरचा सतरा नंबर

१

शनिवारी सकाळी आठ वाजता चर्चच्या हॉलमध्ये आम्ही पडदा उलगडला, आणि नीलचा चेहरा गायब होता.

पडदा म्हणजे पातळ, चुणीदार क्रेप कागदाचा. तीस फूट लांब, बारा फूट उंच, दोन्ही टोकांना बांबू. फुटबॉलच्या अंतिम सामन्याला आमचा संघ तो छातीने फाडून मैदानात उतरतो. बायकांनी तीन आठवडे गुडघ्यांवर बसून चिकटवायचा आणि पोरांनी अर्ध्या सेकंदात त्याच्या चिंध्या करायच्या. वॉरामिलमध्ये याला कोणी वेडेपणा म्हणत नाही. म्हणणारे केव्हाच मेलबर्नला निघून गेलेत.

या वर्षीचा पडदा तर शेवटचाच होता. पुढच्या वर्षी गावात संघापुरती अठरा धड पोरंही उरणार नव्हती, म्हणून हा सामना संपला की क्लबही संपणार होता. त्यामुळे अध्यक्ष लेस्टर डूनच्या बायकोने, ग्वेनने, पडद्याच्या बरोब्बर मधोमध, खालच्या कडेपासून वीतभर वर, नील हार्करचा चेहरा काढला होता आणि चेहऱ्याच्या वर त्याचा सतरा नंबर. नील आमचा सर्वांत गुणी खेळाडू. एकोणीस वर्षांचा. फेब्रुवारीत धान्याच्या कोठाराजवळच्या वळणावर गाडी उलटली आणि तो गेला. ग्वेनने काढलेलं नाक बटाट्यासारखं झालं होतं, पण तिला सांगणार कोण? नीलच्या आईला, डल्सीला, हे सगळं मैदानावरच कळणार होतं. सव्वीस वर्षं पडदे तिने बनवले होते आणि या वर्षी आम्ही तिलाच दाराबाहेर ठेवलं होतं.

आता त्या चेहऱ्याच्या जागी मोठं चौकोनी भोक होतं. गव्हाचं पोतं सहज आरपार जाईल एवढं.

"लेक बॉर्नवाले!" लेस्टर ओरडला. अंतिम सामना त्यांच्याशीच होता. "मागच्या वर्षी त्यांनी आपल्या कपडे बदलायच्या खोलीत मेंढी सोडली होती."

"मेंढीने एवढं सरळ कापलं नसतं," मी म्हणालो.

"पर्सी, तुझं तोंड बंद ठेव."

माझं नाव पर्सी. चाळीस वर्षं मी या क्लबच्या खेळाडूंचे घोटे पट्टीने बांधतोय आणि मांड्या चोळतोय. तोंड बंद ठेवणं मला कधी जमलं नाही. पण ग्वेनने पुढे जे सांगितलं, ते ऐकून माझी बोलती बंद झाली.

"काल पाच वाजता मी रॉडला मागच्या दाराने बाहेर पडताना पाहिलं," ती म्हणाली. "रॉड ल्युबकेला."

नील गेला त्या रात्री गाडी रॉड चालवत होता.

२

लेस्टरने वेळ घालवला नाही. एक वाजता खेळाडूंची यादी लीगकडे द्यायची होती, आणि त्या यादीत रॉडचं नाव नसेल, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

"आधी पोराला मारलं, आता त्याचं चित्रही नको झालं त्याला," तो म्हणाला.

हे बोलणं मला फार लागलं. कोर्टाने रॉडला निर्दोष सोडलं होतं. तो दारू प्यायला नव्हता, वेगही जास्त नव्हता. तरी सात महिने गावातले अर्धे लोक त्याला पाहिलं की रस्ता ओलांडायचे. फक्त मैदानावर लोक त्याचं नाव घ्यायचे, कारण तिथे तो गोल मारायचा. रॉड नसता तर आम्ही हरलोच असतो, ते सोडा. पण शेवटच्या दिवशी गावाने त्याला असं हाकलून दिलं असतं, तर हे पोर पुन्हा माणसात आलं नसतं. मी त्याचे पाय बांधतो. माणूस कुठवर टिकेल हे पायांवरून कळतं.

मी तडक मिस पेनरोजकडे गेलो. मैदानात मारामारी झाली की लीगतर्फे चौकशी करायला याच बाई येतात. एकतीस वर्षं पोस्टमास्तरीण होत्या. वय सत्तर, उंची जेमतेम पाच फूट. त्यांच्यापुढे सहा फुटी गडी शाळेतल्या पोरांसारखे उभे राहतात.

"कुलूप फोडलंय का?" त्यांनी स्वेटर चढवता चढवता विचारलं.

"चर्चच्या हॉलला कुलूप कधी होतं, मिस?"

हॉलमध्ये येऊन त्या भोकाशेजारी गुडघ्यांवर बसल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग कडेवरून हलकेच बोट फिरवलं.

"पर्सी, इथे ये. ही पट्टी कुठली?"

भोकाच्या चारही कडांना मागून पांढरी कापडी पट्टी लावलेली होती, कागद वाऱ्याने आणखी फाटू नये म्हणून. ती माझीच होती. घोट्यांना बांधतो ती.

"काल चार वाजता रॉडने माझ्याकडून एक गुंडाळी नेली," मी म्हणालो. मला स्वतःचाच राग आला. पोराला वाचवायला आलो आणि त्याच्याच गळ्यात फास अडकवून बसलो.

"बघा!" लेस्टर म्हणाला.

"बघतेच आहे," मिस पेनरोज म्हणाल्या. "लेस्टर, तुला एखाद्याची खोड काढायची असेल, तर त्याचं सामान फोडून झाल्यावर तू त्याला मलमपट्टी करशील का?"

लेस्टर पट्टी बघायला खाली वाकला.

"लेक बॉर्नवाल्यांनी अख्ख्या पडद्याच्या चिंध्या केल्या असत्या. ज्याने हे कापलं, त्याला पडदा उभा राहायला हवा होता. फक्त हा चेहरा नको होता." त्या उठल्या. "आता मला त्या पोराशी बोलू दे."

३

रॉड क्लबच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी बसला होता. बूट घातलेले, नाड्या सुटलेल्या.

"पडदा तू कापलास?" मिस पेनरोजनी विचारलं.

"तसंच समजा."

"समजायला मी आले नाही. कापून काढलेला चेहरा कुठे आहे?"

तो बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिला.

"चेहरा पडद्यावर नको, असं तू ग्वेनला म्हणाला होतास?"

"गुरुवारी म्हणालो होतो. पाया पडायचंच बाकी होतं. ती म्हणाली, 'तुला लाज वाटायला हवी.'" त्याने मान वर केली. "मला वाटतेच, मिस. रोज वाटते. त्यासाठी चित्र लागत नाही."

"कापताना तुझ्यासोबत कोण होतं?"

"कोणी नाही."

"खोटं. पर्सी, तीस फुटांचा क्रेप कागद एकट्याला उलगडून परत गुंडाळता येतो का?"

"नाही," मी म्हणालो. "दोन टोकांना दोन माणसं लागतात. नाहीतर मधेच फाटतो."

"आणि पडदा नीट गुंडाळलेला होता, रंगीत बाजू आत ठेवून. शिवाय पट्टीची टोकं कात्रीने सरळ कापलेली आहेत. हा मुलगा पट्टी कशी तोडतो?"

"दाताने. सगळेच दाताने तोडतात. लहानपणापासून ओरडतोय मी त्यांना."

रॉड पांढराफटक पडला. मला वाटलं आता सांगेल. पण त्याने नुसती मान हलवली.

"मला खेळू देऊ नका. चालेल मला," तो म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"कशाबद्दल? पडद्याबद्दल, की आणखी कशाबद्दल?"

यावर त्याने दचकून बाईंकडे पाहिलं. मग तो उठून चालू लागला, नाड्या तशाच लोंबत.

४

बारा वाजायला आले होते. मैदानाच्या कडेने गाड्या लागू लागल्या होत्या. आमच्याकडे लोक गाडीत बसूनच सामना बघतात आणि गोल झाला की भोंपू वाजवतात. डल्सी हार्करची हिरवी गाडी नेहमीच्या जागी, दक्षिणेकडच्या गोलपाशी उभी होती. ती मांडीवर केकचा डबा घेऊन बसली होती. मला बघून तिने हात केला. मीही केला आणि मान वळवली.

मिस पेनरोज मात्र हॉलमध्ये परतल्या होत्या. मी गेलो तेव्हा त्या डावीकडच्या बांबूपाशी वाकलेल्या होत्या. तिथे गर्द लाल कागदावर अंगठ्याचे पांढुरके ठसे होते. मी ते सकाळीच पाहिले होते. वाटलं, बायकांच्या हातचं पीठ असेल.

"चाखून बघ," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच काय, मिस!"

"मी बघितलंय. चुना आहे."

आता मी मूर्ख असलो तरी चाळीस वर्षं त्याच मैदानावर आहे. काल दुपारपर्यंत मैदानावरच्या रेघा पुसट होत्या. आज सकाळी त्या दुधासारख्या चमकत होत्या. आमच्याकडे चुन्याने रेघा मारणारा माणूस एकच. सामन्याआधीच्या शुक्रवारी चार वाजता तो सुरू करतो आणि घरी जाईपर्यंत हात धूत नाही.

"नाही," मी म्हणालो. "मिस, तो असं कशाला करेल? त्याचाच तर मुलगा होता तो."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि काठी घेऊन निघाल्या.

५

नीलचा बाप, कीथ हार्कर, उत्तरेकडच्या गोलच्या खांबांना गाद्या बांधत होता. लांब, हडकुळा माणूस. त्याने जन्मभर गहू पेरला आणि सरळ रेघा मारल्या. बोलायचं काम डल्सीकडे होतं. आम्हाला येताना बघून त्याने दोरी सोडली आणि टोपी काढली.

"रॉड बोलला?"

"एक अक्षर नाही," मिस पेनरोज म्हणाल्या. "म्हणूनच त्याला संघातून काढताहेत."

कीथने सोडलेली दोरी पुन्हा गाठ मारून बांधली.

"चित्राबद्दल मला रॉडने सांगितलं," तो म्हणाला. "मदत मागायला आला होता. पडदा अख्खाच लपवू म्हणाला. मी म्हटलं, नको, बायकांनी मेहनत केलीय. फक्त तेवढं काढू. तो कागद माझ्याकडेच आहे."

"का, कीथ?"

"त्याला मीच ओळखलं होतं ना. काचेतून बाहेर आला होता तो, मिस. तोंड... डल्सीला मी सांगितलं, झोपल्यासारखा दिसत होता. शवपेटी उघडू दिली नाही. म्हटलं, आहे तसा आठवणीत ठेव. आणि आता ही माणसं त्याचा चेहरा पाच फुटांचा करून उभा करणार, आणि अख्खा संघ त्याच्या आरपार जाणार. तिच्यासमोर. मी ते एकदा पाहिलंय. तिने कागदावरसुद्धा बघू नये."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ते पुसलं नाही. गुरुवारी ग्वेनने ते चित्र अगदी मधोमध ठेवायला सांगितलं, तेव्हा मीच कागद धरला होता. पडदा मधोमधच फाटतो. तिथे मागून पट्टी मारत नाहीत, कारण तिथूनच घुसायचं असतं. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. पण मान द्यायच्या घाईत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"एवढंच?" मिस पेनरोजनी विचारलं.

कीथने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "एवढंच."

"तो मुलगा म्हणाला, शब्द दिलाय. चेहऱ्याबद्दल एवढा मोठा शब्द लागत नाही, कीथ."

"यादी किती वाजता द्यायचीय?" कीथने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो क्लबच्या दिशेने चालू लागला.

लेस्टरच्या खोलीत तो मिनिटभरच होता. मी दारात होतो. "पडदा मी कापला," तो म्हणाला. "पोराला खेळू दे. आणि डल्सीला काही सांगायचं नाही." लेस्टर लालबुंद झाला, मग पांढरा, मग त्याने पेन उचलून यादीत रॉडचं नाव लिहिलं. माझ्या मते त्याने रॉडची माफीही मागायला हवी होती. ती त्याने मागितली नाही.

६

अडीच वाजता पडदा उभा राहिला. बदलायला वेळ नव्हता, आणि तीस फुटी पडद्यातलं भोक कशाने झाकणार? वरती 'वॉरामिल', खाली सतरा नंबर, आणि त्याखालच्या भोकातून पलीकडचं गवत दिसत होतं.

पोरं धावत आली आणि पडद्यापाशी थांबली. फाडायचं कसं, कोणालाच कळेना. मग रॉड पुढे झाला. वाकला, हात अंगाशी घेतले, आणि कागदाला न शिवता त्या भोकातून पलीकडे गेला. त्याच्यामागून एकेक जण. एवढाले आडदांड गडी कोंबड्यांच्या खुराड्यातून निघावेत तसे वाकून बाहेर पडत होते, आणि एकही माणूस हसला नाही. एकही भोंपू वाजला नाही. पडदा तसाच अखंड उभा राहिला. आमच्याकडे असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

सामन्याचं काय सांगू! रॉड वेड्यासारखा खेळला. चारपैकी पहिल्या तीन डावांत चार गोल त्याचे. तरी तिसरा डाव संपला तेव्हा लेक बॉर्न अकरा गुणांनी पुढे होतं. मी संत्र्यांच्या फोडी वाटत होतो, तेवढ्यात बाजूला कोणीतरी उभं राहिलं. डल्सी.

"पर्सी, भोकाला मागून पट्टी कोणी लावली?"

"कोण जाणे. वाऱ्याने..."

"वाऱ्याने पट्टी लावली?" ती म्हणाली. "मी सव्वीस वर्षं पडदे बनवलेत. मधल्या जागेला कोणी कड लावत नाही. तिथे काय होतं?"

मी कान खाजवला. काही लपवायचं असलं की मी तेच करतो.

"नील होता ना?"

मी फक्त टोपली खाली ठेवली.

"आणि कडा कीथने लावल्या. अशा काटकोनात पट्टी मारणारा दुसरा माणूस गावात नाही." तिचा आवाज अजिबात चढला नाही, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. "पोरगा झोपल्यासारखा दिसत होता, म्हणाला होता तो मला. तसं असतं, तर कागद फाटण्याची त्याने एवढी धास्ती का घेतली असती? म्हणजे ते खोटं होतं. मग मला हे सांग, पर्सी. आणखी काय काय खोटं होतं?"

"मला खरंच माहीत नाही, डल्सी."

या वेळी मी कान खाजवला नाही. ती गाडीकडे न जाता गोलमागच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. मिस पेनरोज तिच्याजवळ गेल्या. 

७

शेवटच्या डावात आम्ही अंतर कापत कापत चार गुणांवर आणलं. काही सेकंद उरले असताना रॉडने तिघांच्या डोक्यांवरून चेंडू झेलला, आणि त्याचे पाय जमिनीला लागतात न लागतात तोच शेवटचा भोंगा झाला. भोंग्याआधी झेललेल्या चेंडूला लाथ मारू देतात. चाळीस पावलं, समोर गोल. दोन उंच खांबांमधून गेला तर सहा गुण आणि विजेतेपद आमचं. खांबाला लागला तर एक.

 रॉडने मोजे वर ओढले, धावला, लाथ मारली.

चेंडू खांबाला लागला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

लेक बॉर्नच्या गाड्यांचे भोंपू सुरू झाले. लोक कठड्यावरून मैदानात उतरले. आमची पोरं जिथल्या तिथे बसली. रॉड गवतावर पालथा पडला होता. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, पण डल्सी आधीच पोचली होती. काठी टेकत मिस पेनरोज, आणि त्यांच्यामागे, दहा पावलांवर, कीथ.

"ऊठ रे," डल्सी म्हणाली.

रॉड उठून बसला. "सॉरी, मिसेस हार्कर. सॉरी."

"चेंडूचं राहू दे." ती गुडघ्यांवर बसली, पडदा चिकटवायला बसते तशी. "चेहरा कसा होता ते मला सांगू नकोस. ते मला कळलंय. ट्रकवाल्याचा फोन आला, कीथ एकटा धावला, आणि तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, असं मला सांगितलंय. तेही खोटं का?"

रॉडने कीथकडे पाहिलं. कीथने टोपी काढलेली होती. त्याने मान खाली घातली. मिस पेनरोज माझ्या कानाशी पुटपुटल्या, "हाच तो शब्द."

"जिवंत होता तो," रॉड म्हणाला. "कीथ आल्यावरही. वीस मिनिटं."

"बोलत होता?"

"हो."

"काय?"

रॉड रडत होता, पण शब्द नीट निघत होते. सात महिने त्याने ते तोंडात धरून ठेवले असावेत. "तुम्हाला विचारत होता. आई कुठंय म्हणाला. कीथ म्हणाले, येतेय, मागच्या गाडीने निघालीय. तर म्हणाला, तिला सांगा, सावकाश ये. अंधारात तिला नीट दिसत नाही."

डल्सीने दोन्ही हात गवतावर टेकले.  भोंपू वाजतच होते. कीथ पुढे आला आणि म्हणाला, "तू त्याला तसं बघायला नको होतंस, डल्सी. म्हणून मी तुला उठवलं नाही. मला वाटलं..."

तिने रॉडच्या खांद्याचा आधार घेतला आणि उठून उभी राहिली. हात तिथेच ठेवला. मग नवऱ्याकडे बघून, ओरडून नाही, अगदी घरातल्या आवाजात म्हणाली:

"मी आले असते, कीथ. अंधारातही आले असते."